पोटातला गोळा

मृगाचा पाऊस पडून जातो. वसईच्या पट्ट्यात बावखलांना पाणी येऊ लागते. जून अर्धा सरतो आणि शाळा उघडते. त्या दिवशी सकाळी घरोघरी एकच बोलणे ऐकू येते. पाडा असो, कोळीवाडा असो की स्टेशनाजवळची नवी चाळ असो.

"आई, पोटात दुखतं. आज शाळा नको."

"काल रात्री भात खाताना नाही दुखलं! नाटकं करू नकोस."

बाप ओटीवरून ओरडतो, "उठतोस का देऊ एक?"

मूल उठते. दप्तर घेते. रडत रडत चालू लागते. किंवा वाटेतच कुठे तरी वळते आणि दुपारपर्यंत चिंचेखाली बसून राहते. संध्याकाळी घरी येते. आईबापांना वाटते, शाळेतून आले.

आम्ही छत्तीस वर्षे शाळेत काढली. शेवटची काही वर्षे हेडमास्तर होतो. असे रडत येणारे मूल दर वर्षी पाहिले. त्या मुलांविषयी आज आपण बोलू.

पोट खरेच दुखते का?

होय, खरेच दुखते. मूल खोटे बोलत नाही.

तुम्ही रात्री बांधावरून चालला आहात. पायाशी काही तरी सळसळले. तुम्हाला वाटले, जनावर आहे. त्या वेळी काय होते? छाती धडधडते. तोंडाला कोरड पडते. अंगाला घाम सुटतो. पोटात गोळा येतो. पुढे बॅटरी मारून पाहिले तर सुकलेली झावळी निघते. साप नव्हता. पण पोटातला गोळा खोटा होता का? नव्हता.

भीती वाटली की शरीर पळायची तयारी करते. सगळे बळ हातापायांत जाते. पोटाचे काम मंदावते. म्हणून पोट दुखते, मळमळते. डोके फक्त धोका पाहते. त्या वेळी दुसरे काही आठवत नाही. घरी दहाचा पाढा घडाघडा म्हणणारी मुलगी वर्गात उभी राहिली की गप्प होते, त्याचे कारण हेच. तिला पाढा येतो. भीतीने तो आत अडकून बसतो.

अशा वेळी मारले तर काय होईल? भीती आणखी वाढेल. पाढा आणखी आत जाईल. म्हणजे आपण आगीत तेल ओतले.

तुम्ही स्वतः आठवून पाहा. साक्षरतेच्या वर्गात तुम्ही पहिल्या रात्री आलात. पेन्सिल हातात धरली. हात थरथरला ना? कुणी हसेल का, असे वाटले ना? ज्या बोटांनी आयुष्यभर कोयता, सुई, जाळे धरले, ती बोटे एवढ्याशा पेन्सिलीला भ्याली. मग सहा वर्षांचे लेकरू भ्याले तर नवल काय?

आमच्या हातून झालेली चूक

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते. पण सांगितली पाहिजे.

तीसेक वर्षे झाली असतील. दिवाळी संपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची माणसे उचल घेऊन वीटभट्टीवर कामाला येतात. पावसाच्या तोंडावर परत जातात. अशाच एका भट्टीवरचा मुलगा आमच्या वर्गात आला. आठ वर्षांचा असेल. दाराशी बसायचा. कुणाशी बोलायचा नाही.

चौथ्या दिवशी आम्ही त्याला उभे केले. "वाच," म्हटले. तो उभा राहिला. पुस्तकाकडे पाहत राहिला. तोंड उघडीना. आम्ही दोनदा म्हटले, तीनदा म्हटले. मग आवाज चढवला.

"काय रे, तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?"

सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो. मुलाची चड्डी ओली झाली. मग वर्ग जास्तच हसला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशीही नाही. हजेरी घेताना त्याच्या नावापुढे आमचा हात थांबू लागला. संध्याकाळी आम्ही भट्टीवर गेलो.

त्याची आई गारा तुडवत होती. आम्हाला पाहून ती घाबरली. हात पुसत म्हणाली, "गुर्जी, पोराचं काय चुकलं का?"

आम्ही म्हटले, "पोराचं नाही बाई. आमचं चुकलं."

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "रातचा दचकून उठतो. शाळा म्हटली का थरथरतो. मीच म्हनलं, नको जाऊ."

मुलगा विटांच्या थप्पीमागे लपला होता. आम्ही त्याला बोलावले नाही. खाली बसलो. थप्पीतल्या विटा मोठ्याने मोजू लागलो आणि मुद्दाम चुकलो. थोड्या वेळाने थप्पीमागून आवाज आला, "चुकला." मग तो बाहेर आला. दर दहा विटांना जमिनीवर एक रेघ ओढत त्याने सगळी थप्पी मोजून दाखवली. काही शब्द वारली बोलीतले होते. हिशेब मात्र बरोबर होता.

त्या दिवशी आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, मुलगा ढ नव्हता. दोन, पुस्तकातली भाषा त्याच्या घरची नव्हती. आम्ही त्याला 'वाच' म्हणत होतो. ते त्याला परक्या गावात रस्ता विचारल्यासारखे वाटत असेल.

तो परत आला. बरोबर धाकटी बहीण आणली. आम्ही तिलाही बसू दिले. पहिला आठवडा आम्ही त्याला एकही प्रश्न विचारला नाही. नंतर खडू मोजून ठेवायचे काम दिले. मग पाट्या मोजायचे. महिन्याने तो फळ्याजवळ उभा राहून आकडे लिहू लागला. वर्गाला आम्ही सांगितले होते, "त्या दिवशी गुरुजी चुकले. हसणं बरोबर नव्हतं."

वैशाखात ते कुटुंब गावी गेले. पुढच्या दिवाळीनंतर ते त्या भट्टीवर आले नाही. तो पुढे शिकला की नाही, आम्हाला कळले नाही. ते चार दिवस आजही मनाला लागून आहेत. आम्ही भट्टीवर गेलो नसतो, तर त्याची शाळा त्या हसण्यातच संपली असती.

कोसबाडच्या टेकडीवर

मुलाची भीती घालवायची तर शाळेने मुलाकडे जावे लागते. हे काम आपल्याच जिल्ह्यात फार मोठ्या माणसांनी करून दाखवले आहे. त्यांची माहिती प्रत्येक आईबापाला हवी.

गुजरातमध्ये भावनगर येथे गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. त्यांनी वकिली सोडली. १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर काढले. तेथे मार नव्हता, धाक नव्हता. मुले त्यांच्या अंगाखांद्यावर खेळत. लोक त्यांना 'मिश्यांची आई' म्हणत. ताराबाई मोडक या शिकलेल्या बाई मुंबईच्या. त्या भावनगरला जाऊन गिजुभाईंबरोबर काम करू लागल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला.

पुढे ताराबाईंना वाटले, शहरातल्या मुलांसाठी झाले, खेड्यातल्या मुलांचे काय? १९४५ साली त्यांनी डहाणू तालुक्यात समुद्राकाठी बोर्डी येथे काम सुरू केले. तेथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. अनुताईंचे लग्न लहानपणीच झाले होते. तेराव्या वर्षी त्या विधवा झाल्या. तरी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारली लोकांचे पाडे होते.

शाळा काढली. पण मुले येईनात. लोक म्हणत, यांना शिकायची आवडच नाही. ताराबाई आणि अनुताई तसे म्हणाल्या नाहीत. मूल का येत नाही, हे त्यांनी जाऊन पाहिले.

मूल परक्या घराला भिते. मग त्यांनी पाड्यावर, लोकांच्या अंगणातच बालवाडी भरवली. तिला अंगणवाडी म्हणू लागले. मूल आईच्या डोळ्यांसमोर शिकू लागले. भीती निम्मी झाली.

मूल महागड्या वस्तूंना हात लावायला भिते. मग शंख, शिंपले, खडे, बिया, पाने घेऊन मोजणी शिकवली. या वस्तू मुलाच्या ओळखीच्या होत्या.

मोठी मुले गुरे राखायला जात. मग शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत, मुले शिकत. तिला कुरणशाळा म्हणत. मुलींच्या काखेत धाकटे भावंड असे. मग धाकट्यांसाठी पाळणाघर जोडले. मुलगी मोकळी झाली, शिकू लागली.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या वारल्या. अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. १९९२ साली त्याही गेल्या. सरकारची एकात्मिक बाल विकास योजना १९७५ साली सुरू झाली. तिच्या केंद्रांनाही आज आपण अंगणवाडी म्हणतो. ज्या अंगणवाडीत तुमचे लेकरू खिचडी खाते, त्या नावामागे ही हकीगत आहे.

कोसबाडने काय शिकवले? मूल येत नाही, तेव्हा 'मूल वाईट' असे म्हणू नये. 'त्याला काय अडते?' असे विचारावे.

घरी काय करावे?

बावखलात मुलाला पोहायला कसे शिकवतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी कुणी खोल पाण्यात ढकलत नाही. आधी काठाच्या पायरीवर बसवतात. मग गुडघाभर पाण्यात नेतात. मग कमरेला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात. पोटाखाली बापाचा हात असतो. एक दिवस तो हात हळूच निघतो. मुलाला कळतही नाही आणि ते पोहू लागते. शाळेचेही तसेच आहे.

पहिली गोष्ट, ऐका. पोलिसासारखे उलटसुलट विचारू नका. वालाच्या शेंगा सोलताना, फुले ओवताना, जाळे नीट करताना मुलाला जवळ बसवा. हात कामात असले की तोंड आपोआप सुटते. "शाळेत कुठल्या वेळी जास्त भ्या वाटतं?" एवढेच विचारा. मग गप्प राहा.

दुसरी गोष्ट, भीतीला हसू नका. "एवढं काय घाबरायचं?" म्हणू नका. "मलाही भ्या वाटायचं," असे म्हणा. ते खरेच असते. 'भित्रा', 'ढ', 'रडूबाई' ही नावे घरातून काढून टाका. नाव चिकटले की मूल तसेच होते.

तिसरी गोष्ट, पायरी पायरीने न्या. सोमवारी फाटकापर्यंत. बुधवारी शाळेच्या ओट्यावर. पुढे वर्गात मैत्रिणीजवळ. प्रत्येक पायरीला शाबासकी द्या. "काल फाटकातच रडलीस, आज आत बसलीस. शाब्बास!" मात्र शाळा पूर्ण बंद करू नका. जितके दिवस मूल घरी राहते, तितकी शाळा त्याला मोठी आणि काळी दिसू लागते.

चौथी गोष्ट, फसवून पळू नका. मूल खेळात गुंतले की आई हळूच निसटते. मूल मागे पाहते, तर आई नाही. दुसऱ्या दिवशी ते पदर सोडत नाही. सांगून जा. "जेवणाची घंटा झाली की मी फाटकात येते." आणि खरोखरच या. एकदा शब्द पाळला की धीर वाढतो.

पाचवी गोष्ट, शाळेचा धाक घालू नका. "थांब, गुरुजींना सांगते, तंगडी मोडतील," असे आया म्हणतात. मग त्याच गुरुजींकडे मुलाने हसत कसे जावे?

सहावी गोष्ट, भीती आली की श्वास कसा घ्यावा, ते शिकवा. चूल पेटवताना आपण फुंकणीतून सावकाश, लांब फुंकतो. तसे फुंकायला सांगा. आत घ्यायचे थोडे, बाहेर सोडायचे लांब. पाच वेळा केले की छाती शांत होते. हे मोठ्यांनाही उपयोगी पडते.

सातवी गोष्ट, झोप आणि न्याहारी. रात्री उशिरापर्यंत टीव्ही, मोबाईल चालू. घरात दारूवरून भांडण. सकाळी पोट रिकामे. अशा मुलाला धीर कुठून येणार? मूल शाळेत रडते, पण रडण्याचे मूळ कधी कधी आपल्याच घरात असते. हे वाचून राग येईल. तरी रात्री एकदा विचार करा.

आठवी गोष्ट सर्वांत सोपी आहे. रोज रात्री मुलाबरोबर बसा. तुमचे पुस्तक तुम्ही वाचा, त्याचे ते वाचील. तुम्ही अडखळलात तर त्याला विचारा, "हे अक्षर कुठलं रे?" ज्या मुलाला आईने अक्षर विचारले, त्याची मान ताठ होते. अडखळायला लाज नाही, हे ते तुमच्याकडे पाहून शिकते.

शाळेत जाऊन बोला

पुष्कळ आईबाप शाळेच्या फाटकातच थांबतात. आम्ही खिडकीतून पाहायचो. एक बाई रोज मुलीला सोडायला यायची आणि भिंतीआड उभी राहायची. एक दिवस आम्ही बाहेर जाऊन विचारले. ती म्हणाली, "मी अंगठेबहाद्दर. आत येऊन काय बोलू?" मुलीची भीती कुठून आली, ते आम्हाला त्या दिवशी कळले. आम्ही तिला आत बसवले, चहा दिला. आई खुर्चीवर बसलेली मुलीने पाहिली. पुढच्या आठवड्यापासून मुलगी रडायची थांबली.

तुम्ही आत जा. कायदा तुमच्या बाजूचा आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो आहे. त्यात काय आहे, ते नीट वाचा.

शाळेत मुलाला मारणे आणि त्याच्या मनाचा छळ करणे, दोन्हीला बंदी आहे. मूल वर्षाच्या मध्ये आले, तरी त्याला नाव घालता येते. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, म्हणून प्रवेश अडवता येत नाही. भट्टीवर, मिठागरावर, बांधकामावर फिरणाऱ्या कुटुंबांनी हे लक्षात ठेवावे. सरकारी शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात चार माणसांमागे तीन पालक असावे लागतात. निम्म्या जागा बायकांच्या असतात. तेथे तुमचा आवाज चालतो.

पण भांडत जाऊ नका. गुरुजींनाही चाळीस मुले सांभाळायची असतात. असे म्हणा, "गुरुजी, आमचं पोर भितं. त्याला ओळखीच्या मुलाजवळ बसवा. काही दिवस सगळ्यांसमोर उभं करू नका. एखादं लहान काम द्या." बहुतेक शिक्षक ऐकतात. आम्हाला हे कुणी आधी सांगितले असते, तर ती मिठाची गुळणी आमच्या तोंडून निघाली नसती.

भीतीमागे दुसरे काही असेल तर

कधी कधी मुलाला फळा दिसत नाही किंवा ऐकू कमी येते. ते चुकते, बोलणी खाते आणि भिऊ लागते. म्हणून डोळे आणि कान तपासून घ्या. एका चष्म्याने भीती गेलेली आम्ही पाहिली आहे.

कधी वाटेत मोठी मुले छळतात. कधी एखादा माणूस वाईट हात लावतो. मूल सांगू शकत नाही, फक्त जायला नको म्हणते. चांगले हसतेखेळते मूल एकाएकी बदलले, तर रागावू नका. जवळ घ्या. "तुझी चूक नाही, मी तुझ्या बाजूची आहे," असे सांगा. ते जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि भीती महिनाभर गेली नाही, मूल जेवेना, झोपेना, अंथरूण ओले करू लागले, तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा. देवाला नारळ ठेवायचा तर ठेवा. पण डॉक्टर चुकवू नका. मनाचे दुखणे हेही दुखणेच आहे. त्यात घराण्याची लाज नाही.

शेवटी

उद्या सकाळी तुमचे लेकरू म्हणेल, "आई, पोटात दुखतं." तेव्हा हात उगारू नका. खाली बसा. त्याच्या पोटावर हात ठेवा. म्हणा, "गोळा आलाय ना? मला ठाऊक आहे तो. चल, फाटकापर्यंत दोघं जाऊ."

गोळा एका दिवसात जात नाही. पण सोबत असली की मूल तो घेऊनही चालते. चालता चालता तो विरतो.

वाचून झाल्यावर बोला

१. भीती वाटली की शरीरात काय काय होते?
२. वीटभट्टीवरच्या मुलाला काय येत होते? गुरुजींना ते आधी का कळले नाही?
३. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी शाळा कुठे कुठे नेली?
४. तुमच्या घरात मुलाला कोणते नाव चिकटले आहे काय? ते कसे काढाल?

करून पाहा

आज रात्री एका कागदावर मुलासाठी एक ओळ लिहा. "मी तुझ्याबरोबर आहे." अक्षर वाकडे आले तरी चालेल. खाली आपले नाव लिहा आणि कागद त्याच्या दप्तरात ठेवा.